आदिवासी बांधवांचे मनःस्वास्थ्य : उपचारापूर्वी ओळख

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आजचा विषय काहींना अनपेक्षित वाटला असेल. सीताबर्डीच्या बाजारपेठेत बसून भामरागड किंवा मेळघाटच्या रानातील माणसाच्या मनाचा विचार कशासाठी करायचा, असा प्रश्न उपस्थितांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच शहराच्या इतिहासात सापडते. ज्या नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार-उदीम चालला, त्या शहराची स्थापना १७०२ साली देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने केली. म्हणजे येथील बहुतेक घराणी ही एका आदिवासी राजाने वसविलेल्या नगरीत नंतर आलेली आहेत. यजमानाच्या घरी राहून त्याच्या सुखदुःखाची चौकशी करणे हा शिष्टाचार होय, त्यात उपकार काही नाही.

दुसरे कारण त्याहून जवळचे आहे. बर्डीवरील ज्या उड्डाणपुलावरून रोज हजारो वाहने धावतात, त्याला आदिवासी गोवारी शहिदांचे नाव दिलेले आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या अधिवेशनावर निघालेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जीव गेले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. शून्य मैलाजवळ त्यांचे स्मारक उभे आहे. मृतांचा आकडा या शहराच्या स्मरणात राहिला. पण जे त्या गर्दीतून जिवंत बाहेर पडले, ज्या मातेच्या हातातून लेकराचा हात सुटला, त्यांच्या मनाचे पुढे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. शरीराची जखम दिसते म्हणून तिला मलमपट्टी मिळते. मनाची जखम दिसत नाही. आणि ती सांगण्याची भाषा ऐकणाऱ्याला समजत नसेल, तर ती जखम आहे हेच मान्य होत नाही. आजच्या विवेचनाचा हाच गाभा आहे.

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ साली स्थापन झाले. राज्यात ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये असून विदर्भाचा भार मुख्यतः नागपूरच्या रुग्णालयावर आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ येथे असंख्य दुःखी जीवांना आश्रय मिळाला, याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. परंतु एका उदाहरणाची कल्पना करून पाहावी. समजा, भामरागड तालुक्यातील एका माडिया कुटुंबातील तरुण स्त्री काही महिन्यांपासून जेवत नाही, रात्री उठून रानात जाते, कोणाशी बोलत नाही. गावच्या पुजाऱ्याकडे नेऊन झाले, कोंबडे-बकरे देऊन झाले. शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून तिचा भाऊ तिला घेऊन निघतो. भामरागड ते नागपूर हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे. बसगाड्या बदलत, उसनवारीच्या पैशांनी, जिथे पूर्वी कधी पाऊल ठेवले नाही अशा शहरात तो येतो. तिला फक्त माडिया बोली येते. भावाला मोडकी मराठी येते. समोरच्या डॉक्टरांना मराठी, हिंदी आणि इंग्रजी येते. आता तपासणी सुरू होते.

मानसिक तपासणीची एक ठरलेली रीत आहे. आज वार कोणता, तारीख कोणती, हे ठिकाण कोणते, देशाचे पंतप्रधान कोण, असे प्रश्न विचारून रुग्णाचे भान पाहिले जाते. शंभरातून सात वजा करीत जाण्यास सांगून त्याची एकाग्रता पाहिली जाते. एखाद्या म्हणीचा अर्थ विचारून त्याची विचारशक्ती जोखली जाते. सीताबर्डीच्या दुकानात गादीवर बसणारा माणूस शंभरातून सात झोपेतही वजा करील, कारण त्याचे आयुष्यच वजाबाकीत गेले. पण जिचा काळ मोहफूल वेचण्याच्या, तेंदूपाने तोडण्याच्या आणि धान कापण्याच्या हंगामांनी मोजला जातो, तिला तारीख न सांगता येणे हे रोगाचे लक्षण कसे मानावे? मराठी म्हणीचा अर्थ तिने का सांगावा? उत्तर आले नाही की कागदावर ‘भान अपुरे’ अशी नोंद होण्याची भीती असते. येथे डॉक्टरांचा हेतू वाईट नसतो. त्यांच्या हातातला गज मात्र दुसऱ्याच कापडासाठी बनविलेला असतो. कापडाच्या व्यवहारात गज खोटा निघाला तर नुकसान पैशाचे होते. येथे नुकसान माणसाचे होते.

भाषेचा प्रश्न वरवरचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या घरात, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या सुमारे ९.४ टक्के होती. गडचिरोली जिल्ह्यात हे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. देशात गोंडी बोलणारांची संख्या त्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. तरीही गोंडीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान नाही. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुळातील भाषा असून गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातील आहेत. मराठीशी त्यांचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. पोटदुखी बोट दाखवून सांगता येते, तापाला हात लावून पाहता येतो. दुःख, भीती, शंका, अपराधीपणा ही मात्र शब्दांवाचून सांगता येत नाहीत. मनाच्या आजारात शब्द हेच रक्ततपासणीचे काम करतात. ते शब्दच भावाच्या मोडक्या मराठीतून गाळून आले तर निदान कशावर करायचे? शिवाय ज्या गोष्टी एखादी स्त्री भावासमोर बोलणार नाही, त्या तर कायमच्या दबून राहतात.

याहून सूक्ष्म प्रश्न श्रद्धेचा आहे. अंगात देव येणे, पूर्वजांचा आवाज ऐकू येणे, मृत आप्त स्वप्नात येऊन काही मागणे, हे अनेक आदिवासी समूहांत रूढ अनुभव आहेत. कोरकू समाजात मृताच्या स्मरणार्थ कोरीव लाकडी स्तंभ उभारून त्याच्या आत्म्याला शांतविण्याचा विधी केला जातो. असा विधी राहून गेला असेल आणि घरातील माणूस सांगत असेल की बाप रात्री येऊन दाराशी उभा राहतो, तर ते वेड की शोक? अनुभवी मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी गावातील इतरांना विचारतो, ‘तुमच्याकडे असे इतरांनाही होते काय? यावेळचे त्याहून वेगळे आहे काय?’ आणि गावकरी अचूक सांगतात, की अमक्याच्या अंगात येते ते देवाचे, पण याचे तसे नाही, याचे काही तरी बिघडले आहे. रूढी आणि रोग यांतील सीमारेषा त्या समाजालाच सर्वांत चांगली ठाऊक असते. ती त्याला न विचारता बाहेरून आखली, तर दोन्ही बाजूंनी चूक होते. रूढीला रोग ठरवून निरोगी माणसाला गोळ्या दिल्या जातात, किंवा रोगालाच रूढी समजून खरा रुग्ण उपचारावाचून राहतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये याची दखल घेतलेली आहे. एखाद्याचे आचार-विचार समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाहीत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरविता येत नाही, असे तो कायदा सांगतो. मे २०१८ पासून अमलात आलेला हाच कायदा असेही सांगतो, की उपचार स्वस्त, चांगले आणि जवळ उपलब्ध असावेत आणि ते रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला मान्य होतील अशा रीतीने दिले जावेत.

‘मान्य होतील अशा रीतीने’ या चार शब्दांचा अर्थ कळण्यासाठी गडचिरोलीकडे पाहावे लागेल. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघांचेही वैद्यकीय शिक्षण नागपूरचेच. पुढे धानोरा मार्गावर ‘शोधग्राम’ उभे राहिले. रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींनाच विचारले, की दवाखान्यात यायला भीती का वाटते? उत्तरे ऐकण्यासारखी होती. दवाखान्याच्या मोठ्या इमारतीत माणूस हरवून जातो. नातेवाइकांना बाहेर काढतात. तेथे देव नसतो. आणि डॉक्टर, परिचारिका पांढरे कपडे घालतात. पांढरे कापड तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात. जो स्वतःच प्रेताचे वस्त्र घालून फिरतो, तो दुसऱ्याला जिवंत कसा ठेवणार?

या उत्तरापाशी क्षणभर थांबले पाहिजे. या सभागृहातील प्रत्येकाच्या मनात श्वेत वस्त्र म्हटले की काय येते? साधू-साध्वींची धवल वस्त्रे, पूजेचे शुद्ध वस्त्र, संयम आणि शांती. रुग्णालयात ते स्वच्छतेचे चिन्ह मानले जाते. त्याच कापडात तिसऱ्या माणसाला मृत्यू दिसतो. कापड एकच, सूत एकच, अर्थ तीन, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे. ज्यांना अनेकांताची शिकवण बालपणापासून मिळाली, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. एक वस्तू अनेक अंगांनी पाहता येते, हे पाठशाळेत पाठ करणे सोपे आहे. रुग्णाच्या खाटेपाशी ते आचरणात आणणे हीच कसोटी.

बंग दांपत्याने ती उत्तरे मनावर घेतली. १९९३ साली उभे राहिलेले रुग्णालय उंच इमारतीऐवजी आदिवासी वस्तीसारखे, झोपड्यांच्या रूपात बांधले गेले. नातेवाइकांना रुग्णासोबत राहण्याची सोय झाली. रुग्णालयाला आदिवासींच्या आराध्य देवतेचे, माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. औषधे तीच राहिली, शस्त्रक्रियेची शिस्त तीच राहिली. बदलले ते औषधाभोवतीचे वातावरण. आणि रुग्ण येऊ लागले.

हेमलकशाची कथाही याच जातीची. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे आयुष्य वेचले. त्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. आजूबाजूच्या माणसांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नाही हे पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी स्वतः अर्धी चड्डी आणि बनियन एवढाच वेश स्वीकारला. वस्त्राचा हा त्याग त्यांनी भाषणासाठी केला नव्हता. समोरच्या माणसाला आपल्यापुढे संकोच वाटू नये, एवढाच त्यामागील विचार.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. अनेक सुज्ञ मंडळी म्हणतात, की संस्कृतीचा आदर करायचा म्हणजे अंधश्रद्धेचाही आदर करायचा काय? प्रश्न रास्त आहे. मेळघाटात लहान मुलाचे पोट फुगले तर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची अघोरी रूढी होती आणि तिच्या घटना अलीकडेही वर्तमानपत्रांत आल्या आहेत. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून दोघांना जिवंत जाळण्यात आले. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. अशा गोष्टींना संस्कृती म्हणणे हा संस्कृतीचाच अपमान होय. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला आणि २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली. या दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी कठोरपणे झालीच पाहिजे.

परंतु कायदा हातात घेऊन गावातील प्रत्येक पुजाऱ्याला शत्रू ठरविले, तर रुग्ण दवाखान्यात येत नाही, तो अधिक खोल रानात नेला जातो. गडचिरोलीत पुजारी, मेळघाटात भूमका आणि पडिहार हे आजारी माणसाला भेटणारे पहिले वैद्य असतात. ते त्याच्या भाषेत बोलतात, त्याच्या तीन पिढ्या ओळखतात, रात्री-अपरात्री येतात. मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांनाच विश्वासात घेऊन, रुग्णाला दवाखान्यात पाठविणाऱ्या भूमकाला मानधन देण्याचा मार्ग अवलंबिला, तो याच व्यवहारी शहाणपणातून. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम चालला. दर्ग्यातील मुजावर दुआ करतात आणि त्याच आवारातील मनोविकारतज्ज्ञांकडे रुग्णाला पाठवितात. श्रद्धा सोडा अशी अट घातली नाही म्हणून औषध घेणे शक्य झाले. चटके देणारा हात थांबवायचा आणि धीर देणारा हात सोबत घ्यायचा, हा विवेक ठेवला तर आदर आणि अंधश्रद्धानिर्मूलन यांत विरोध उरत नाही.

कुटुंबाला सोबत ठेवण्याची कल्पनाही काही परदेशातून आणलेली नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. त्यामुळे रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले आणि घरच्यांनाही आजाराची समज आली. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, आफ्रिकेतील नायजेरियात डॉ. थॉमस लांबो यांनी आरो येथे रुग्णांना आसपासच्या खेड्यांतील कुटुंबांत, एखाद्या नातेवाइकासह ठेवले. पारंपरिक वैद्यांचेही साहाय्य घेतले. दोन खंडांत दोन डॉक्टर एकाच निष्कर्षावर आले, की माणसाला त्याच्या माणसांतून उपटून काढल्यावर त्याचे मन बरे करणे अधिकच अवघड होते.

जगातील इतर मूलनिवासी समाजांचा अनुभव याला दुजोरा देतो. न्यूझीलंडचे माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी १९८४ साली आरोग्याला चार भिंतींच्या घराची उपमा दिली. शरीर, मन, कुटुंब आणि अध्यात्म या त्या चार भिंती. एक ढासळली तर घर उभे राहत नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे २०० मूलनिवासी वसाहतींचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सर्वत्र तरुणांच्या आत्महत्या सारख्याच असतील अशी सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वसाहतींत पाहणीच्या वर्षांत एकाही तरुणाने आत्महत्या केलेली नव्हती. ज्या वसाहतींनी आपल्या जमिनीचा हक्क, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा आणि सांस्कृतिक केंद्रे स्वतःच्या हाती ठेवली किंवा परत मिळविली, तेथे हे प्रमाण सर्वांत कमी आढळले. आपले काही आपल्या हाती आहे ही जाणीव हेसुद्धा मनाचे औषध आहे, असा त्याचा अर्थ.

हे वाचताना गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाची आठवण होते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. गडचिरोलीच्या लोकांनीच चळवळ करून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणविली आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या अभियानातून दारू व तंबाखूविरुद्ध गावोगावी काम चालले. आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ साली सादर झाला. त्यात हिवताप, कुपोषण यांच्या जोडीला व्यसन आणि मानसिक आरोग्य हाही एक मोठा प्रश्न म्हणून मांडलेला आहे. जंगल तुटणे, धरणासाठी गाव उठणे, हिंसेच्या सावलीत वर्षे काढणे, सहा-सात वर्षांचे मूल आश्रमशाळेत परक्या भाषेत एकटे पडणे, ही दुःखे गोळीने जात नाहीत. मात्र त्यांपायी ज्याची झोप गेली आहे त्याला गोळीचीही गरज असू शकते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कोठून, ही अडचण नेहमी पुढे केली जाते. तिचेही उत्तर विदर्भातच मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबविण्यात आला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेला हा भाग. तेथे गावातीलच साध्या स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन, ‘मानसिक रोग’ या शब्दाऐवजी लोकांच्या तोंडच्या ‘टेन्शन’ या शब्दापासून संभाषण सुरू केले गेले. आरंभी नैराश्याने ग्रासलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७ वर पोहोचले. २०१७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही खेडी प्रामुख्याने शेतकऱ्यांची होती, तरी धडा सर्वांना लागू आहे. गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारा गावचाच तरुण ऐकायला बसला, तर दुःखाला वाट मिळते. तज्ज्ञ मग महिन्यातून एकदा आले तरी काम भागते.

आता प्रश्न उरतो तो या संस्थेसारख्या दानशूर संस्थांचा. गेल्या ५० वर्षांत औषधदानाची परंपरा येथे निष्ठेने जपली गेली. जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली आहेत. मनोरुग्णाच्या बाबतीत औषधदान हे अभयदानावाचून अपुरे आहे. ज्याला दवाखान्याचीच भीती वाटते, त्याच्या हाती गोळी पडून उपयोग काय? शहरातील संस्था उत्साहाने एक दिवसाचे शिबिर भरवितात, फलक लावतात, छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी गाड्या परत फिरतात. सर्दी-खोकल्याला ते पुरते. तीव्र मानसिक आजाराच्या औषधाचा गुण दिसायलाच काही आठवडे लागतात आणि पुढे ते दीर्घकाळ घ्यावे लागते. मध्येच गोळ्या संपल्या की आजार उलटतो आणि गाव म्हणते, ‘पाहा, शहरातल्या औषधाने काही होत नाही.’ अर्धवट दान येथे प्रसंगी अपाय करते.

म्हणून काही साध्या गोष्टी विश्वस्तांच्या विचारार्थ मांडाव्याशा वाटतात. पहिली, दान देण्यापूर्वी घेणाऱ्याला विचारावे. उदार अंतःकरणाने दिलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरी एखाद्या वॉर्डात भय निर्माण करीत असतील, तर रंगीत चादरींना खर्च अधिक येत नाही. दुसरी, दूरच्या रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकाच्या निवासाची, भोजनाची आणि परतीच्या भाड्याची सोय करावी. धर्मशाळा बांधणे या समाजाला नवे नाही. तिसरी, गोंडी, माडिया, कोरकू जाणणाऱ्या सुशिक्षित आदिवासी युवक-युवतींना रुग्णालयांत दुभाषी व समुपदेशक म्हणून काम करता यावे यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. नागपुरात शिकणारे असे विद्यार्थी आहेत. त्यांना त्यांच्या भाषेसाठी मान आणि मोबदला मिळावा. चौथी, एकाच भागाची निवड करून तेथे वर्षानुवर्षे औषधांचा पुरवठा अखंड ठेवावा. दहा गावांत एकदा जाण्यापेक्षा एका गावात दहा वर्षे जाणे अधिक पुण्याचे आहे.

शेवटी एक गोष्ट संकोच बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. आदिवासी पुजाऱ्याकडे जातो म्हणून हसणारे कित्येक जण घरातील मुलाला नैराश्य आले तर चार वर्षे ते लपवून ठेवतात. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने डॉक्टरांची चिठ्ठीही फाडून टाकली जाते. आधी ज्योतिषी, मग ताईत, मग परगावचा डॉक्टर, हा क्रम शहरातही चालतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तेथे बोलणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही. तो क्रमांक प्रत्येक घरात लिहून ठेवण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या समाजातील भीती समजून घेण्याची सुरुवात स्वतःच्या घरातील भीती मान्य करण्यापासून होते.

भामरागडहून आलेली ती स्त्री ही एक कल्पना होती. पण तिच्यासारख्या अनेक जणी याच शहराच्या बसस्थानकावर उतरतात, आणि रस्ता विचारताना त्यांचे शब्द कोणाला समजत नाहीत. त्यांच्यासाठी दवाखान्याच्या दाराशी त्यांच्या भाषेत ‘ये, बस’ म्हणणारे एक माणूस उभे करता आले, तर सुवर्णमहोत्सवी वर्षातील ते एक चिरस्थायी कार्य ठरेल.

विवेचनात काही न्यूनाधिक झाले असल्यास, कोणाचे मन दुखावले गेले असल्यास, मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.